पाठीतली चमक

बाळांनो,

गेल्या रविवारी धाकट्याने फोनकडे पाठ केली आणि म्हणाला, "आजी, फुटबॉल खेळताना पाठ धरली. तू पायाळू आहेस ना? तिथूनच पाय लाव." तुम्ही दोघंही हसलात. मी फोन बंद केला आणि नंतर नेटवर्क गेल्याचं सांगितलं. ते खोटं होतं. माझ्या हृदयात एक स्टेंट आहे, वय तुम्हाला माहीत आहे, म्हणून आता पुढे न ढकलता खरं काय ते लिहून ठेवते.

मी जन्मले ती पायांकडून. अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि पाठीत चमक भरली की पायाळू माणसाने तिथे तीनदा पाय लावायचा, चमक निघते, असं आपल्या मोहाडीकडे सगळे मानतात. मी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. माझा यावर विश्वास नव्हता. पण रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे धानाची लावणी चालू असताना, दिवसभर चिखलात वाकलेल्या बायका संध्याकाळी आपल्या ओट्यावर येऊन पाठ करून बसायच्या. त्यांना नाही कसं म्हणायचं? पाय धुऊन, पुसून, मी लावायचे. त्यांना बरं वाटायचं आणि खरं सांगायचं तर मलाही.

त्यांच्यातली एक आपल्या मागच्या गल्लीतली होती. तुम्ही लहानपणी आलात तेव्हा तिने तुम्हाला तळ्यातले शिंगाडे उकडून दिले होते. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, बोलण्यात माझ्याहून पुढे. माझ्या छातीत दुखलं त्या दिवशी तीच माझ्याजवळ बसली होती. तुमच्या बाबांनी तिकडून ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला, गाडी आली, आणि दोन तासांत मी नागपूरच्या दवाखान्यात टेबलावर होते. आठ दिवसांनी परत आले तेव्हा ती म्हणाली, "बाई, तुमचं दिल आता लोखंडाचं झालं म्हणते. आमचं मातीचंच बरं."

तिलाही रक्तदाब होता. गावातल्या शिबिरात तो निघाला होता. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळत, पण त्या वाटायचा दिवस ठरलेला, आणि रोवण्यात बायकांची टोळी सकाळीच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरते. एक बाई कमी पडली की बाकीच्यांवर तिची ओळ येते. म्हणून रोवण्याचे दोन महिने तिच्या गोळ्या बंद. मी रागावले की ती तंबाखू-सुपारीचा खर्रा दुसर्‍या गालात सरकवून म्हणायची, "बसून खाणार्‍याले बीपी होते जी. आमचा तं घामासंगच निंगून जाते."

माझ्याकडे सात खणांची गोळ्यांची डबी होती. सकाळ, दुपार, रात्र, सगळं नीट. तिच्या वाटच्या गोळ्या मी जाऊन आणू शकले असते. ते मला सुचलं नाही. मी तिला फक्त समजावत राहिले.

दोन वर्षांपूर्वीच्या रोवण्यात ती एका संध्याकाळी आली. पोटर्‍यांपर्यंत चिखल वाळलेला. ओट्यावर पाठ करून बसली.

"चमक भरली बाई. दोन्ही खांद्यांच्या मधात. लावा पाय."

"कधीपासून?"

"दुपारपासून. जबडाबी दुखून राह्यला."

"मग खर्रा सोड," मी म्हणाले.

"तुमी चहा सोडा, मी खर्रा सोडते."

ती हसली. तिचं पोलकं घामाने भिजलेलं होतं, पण त्या उकाड्यात माझंही भिजलेलं होतं. नागपूरच्या दवाखान्याच्या भिंतीवर एक चित्र होतं. त्यात कोटटाय घातलेला माणूस छातीची डावी बाजू दाबून धरतो. मला छातीत दुखलं होतं तेही तसंच. हृदयाचं दुखणं म्हणजे ते, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. रोवण्यातून आलेल्या बाईची पाठ दुखणार नाही तर काय?

मी तीनदा पाय लावला. ती थोडा वेळ तशीच बसली, मग म्हणाली, "आता हलकं वाटते," आणि गेली.

दुसर्‍या दिवशी सकाळी ती बांधीच्या कडेच्या धुर्‍यावर बसली. हातात रोपांची पेंडी होती. बायकांना वाटलं, दम खाते आहे. त्यांची ओळ संपली तरी ती उठली नाही. दोघांच्या मधे बसवून तिला मोटरसायकलवरून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ती हृदयाच्या झटक्याने गेल्याचं सांगितलं आणि विचारलं, काल काही त्रास होता का? सोबतच्या बाईने सांगितलं, पाठीत चमक होती, पण ती निघाली होती.

तेरवी झाल्यावर मी तिच्या घरी गेले. मुलगा अंगणात होता. त्याला मी विचारलं, त्या संध्याकाळी घरी काय झालं? तो खाली बघत म्हणाला, "मी म्हटलं होतं बाई, चाल माय, दवाखान्यात जाऊ. तिचा चेहरा उतरला होता. तं म्हणे, कायले जाऊ, बाईनं पाय लावला, आता बरं आहे. उद्या रोवणा पुरा झाल्यावर पाहू."

म्हणजे तो तिला नेणार होता. माझ्या पायाने तिला घरी बसवलं.

हे मी त्याला तसंच बोलून दाखवलं. त्याची बायको चुलीपाशी होती. ती बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "तिले तुमच्याकडं मीच धाडलं, बाई. ती येतच नव्हती. मीच म्हटलं, जाऊन या, सैपाक मी पाहाते."

आम्ही दोघी रडलो. तिने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. मी माफी मागितलीही नाही.

मी खूप विचार करते. दुखणं एकच होतं. माझ्यासाठी सात समुद्रांपलीकडून फोन झाला. तिच्यासाठी विश्वासाचं माणूस म्हणजे मी होते, आणि मी शिकलेली होते, म्हणूनच तिने माझं प्रमाण मानलं. मी अडाणी असते तर कदाचित तिने मुलाचं ऐकलं असतं.

तेव्हापासून मी कोणाला पाय लावत नाही. पाठ घेऊन आलेल्या बाईला आधी बसवते, दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधते, जबडा, खांदा, घाम, दम, सगळं विचारते. वाटलं तर रिक्षात घालून स्वतः दवाखान्यात नेते. एक म्हातारी परवा म्हणाली, "बाईचा पाय लय भाव खाऊन राह्यला." बायका हसल्या. गोळ्यांच्या ठरलेल्या दिवशी मी दवाखान्याच्या रांगेत उभी असते, बांधीत गेलेल्यांची कार्डं घेऊन. सुरुवातीला तिथले लोक देईनात. आता देतात.

त्यांतलं एक कार्ड तिच्या सुनेचं आहे. तिलाही रक्तदाब निघाला, सासूहून कमी वयात. यंदाच्या रोवण्यात तिची एकही गोळी चुकली नाही. ती जिवंत आहे, आणि काल सकाळी तिचा रक्तदाब ठीक होता.