मीच नंतर जाईन

लेकीनं जोडवी काढून ठेवली, असं ती फोनवर हसत म्हणाली. बोटांत बसत नाहीत म्हणे. मला हसू आलं नाही. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, आणि तेव्हाही सुरुवात पाय सुजण्यापासूनच झाली होती.

ती मस्कतला, मी अमळनेरला. जावई दिवसभर कामावर, घरात दुसरी बाई नाही. मुलानं बाजारातल्या तिकीटवाल्याकडून माझं विमानाचं तिकीट काढलं. कोरोनाचे दिवस होते, तपासणीशिवाय कुणाला बाहेरदेशी सोडत नव्हते. जळगावला जाऊन नाकात काडी घालून घेतली. रिपोर्ट चांगला आला. डिंकाचे लाडू डब्यात भरले, डब्याला फडकं बांधलं.

निघायच्या दिवशी सकाळीच तिकीटवाला दारात.

"अक्का, रात्री नियम बदलला. आता रिपोर्ट अजून ताजा लागतो. तुमचा जुना झाला."

"एका रात्रीत? भाजी आहे का ती?"

"विमान जाईल. तुम्हाला बसू देणार नाहीत."

"मग माझ्या जागेवर तुझी सासू बसणार?"

तो हसला. मुलगा भिंतीला टेकून खाली बसला. "माय, बठ्ठं बिघडी गयं."

मी त्याला तिथंच गप्प केलं. सगळं बिघडलं, पोटुशी लेकीकडे निघालेल्या बाईचं जाणं मोडलं, असं आमच्या घरात तोंडातून काढत नाहीत. बोललेलं तिच्या पोटाला लागतं, असं माझी सासू सांगायची. काहीही होवो, म्हणायचं, मीच नंतर जाईन. शेजारणीला मी तसंच सांगितलं. लेकीलाही तसंच.

दुपारी विमान कंपनीतून एका पोरीचा फोन आला. मुलगा तिकीटवाल्याकडे गेला होता, घरात मी एकटी.

"माताजी, आप खुद टिकट कैन्सल कर रही हैं?"

"हां बेटा, मैंच नहीं जाती. बाद में जाऊंगी."

"कोई और वजह तो नहीं?"

"कुछ नहीं. मेरी मर्जी."

मुलगा आला, त्याला सांगितलं. मग त्यानं मला हिशोब सांगितला. नियम बदलला म्हणून जाता आलं नाही, तर सगळे पैसे परत किंवा दुसरी तारीख मिळणार होती. आपल्या मर्जीनं रद्द केलं तर काहीच नाही. आणि माझं बोलणं त्यांनी फोनमध्ये धरून ठेवलं होतं. दुसरं तिकीट काढायचं तर त्याच पैशांतून.

मुलगा रोज कंपनीला फोन लावायचा. तिकडून गाणं वाजत राहायचं. इकडे लेक फोनवर तोंड दाखवेना. फोन छताकडे करून बोलायची, मला नुसता पंखा फिरताना दिसायचा.

"माय, तू कव्हय येशी?"

"येस ना बेटा."

मी येते येते म्हणत राहिले, मग तिनं कधी येणार हे विचारणं सोडलं. नंतर फोन जावईच उचलायला लागला. ती झोपली आहे, म्हणायचा. केव्हाही केला तरी झोपलेलीच. भरदिवसा एवढं कोण झोपतं?

शेवटी मुलानं मोटारसायकल विकली. नवं तिकीट, पुन्हा जळगाव, पुन्हा काडी. मी पोचले तेव्हा जावयानं पाळणा घडी करून कपाटामागे ढकललेला होता. नातू रडलाच नव्हता. लेक वाचली होती. मी लाडवांचा डबा उघडला. मूल नसलं तरी ती बाळंतीण होती. खा म्हटलं, तिनं खाल्ले.

परत आल्यावर मुलानं जळगावला ग्राहक आयोगात तक्रार टाकली. तारखा पडत गेल्या. एका तारखेला कंपनीच्या वकिलानं माझा आवाज सगळ्यांना ऐकवला. मेरी मर्जी.

"आवाज तुमचाच का, आजी?" आयोगाच्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं.

"माझाच."

"मग नियमाचं का सांगितलं नाही?"

"लेक पोटुशी होती."

वकील हसला. त्या बाई हसल्या नाहीत. त्या खानदेशातल्याच असाव्यात. त्यांनी फोनचं बोलणं बाजूला ठेवलं आणि नियम कधी बदलला ते कंपनीकडून मागवलं. निकाल आमच्या बाजूनं लागला. पैसे आले. त्यातून मोटारसायकल आली, दुसरं काही आलं नाही. मी शब्द जिभेवर येऊ दिला नव्हता, तरी जे व्हायचं ते झालं. सासू असती तर तिला विचारलं असतं.

परवा लेकीचा फोन आला. पुन्हा दिवस गेलेत, सहावा लागला. आता तपासणीबिपासणी राहिली नाही, पण मुलगा तिकीट काढायला निघाला तेव्हा मी त्याला बजावलं, त्यांचे नियम बदलले तर पैसे परत मिळतात का, हे आधी विचार. आणि मला जाता आलं नाही तर कुणामुळे, ते मी ओरडून सांगीन.

मग लेकीला विचारलं, "जोडवी बसतात का गं?"

तिनं फोन छताकडे केला. फोनमध्ये पंखा फिरत होता.