सहा बावीसची नोंद

ह्या ग्रुपवर मला नावाने नाही तरी कमेंटने बरेच जण ओळखत असतील. कुणी लिहिलं की पंखा आपोआप फिरायला लागला, तर त्याखाली ‘वायरिंग तपासून घ्या’ असं लिहिणारा खवट म्हातारा मीच. कुणाच्या स्वप्नात आजी आली तर ‘रात्री जड जेवू नका’ हेही माझंच. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात केबलचे फॉल्ट शोधले. जमिनीखाली वायर कुठे तुटली ते मीटर लावून सांगायचो, आणि खोदलं की तिथेच तुटलेली निघायची. अशा माणसाचा असल्या गोष्टींवर विश्वास बसत नाही. माझा आजही नाही... म्हणून तर हे लिहिणं जड जातंय. ज्यांची मी टिंगल केली त्यांनी खुशाल उट्टं काढावं.

नागपूरला मानेवाडा रोडच्या आत, प्लॉट पाडलेल्या एका लेआउटमध्ये माझं एकमजली घर आहे. पुढच्या खोलीत खिडकीशी माझं टेबल, मागे स्वयंपाकघर, मध्ये बोळासारखा पॅसेज. टेबलापासून ओट्यापर्यंत बारा पावलं. ही मी नंतर मोजली.

मला शॉर्टवेव्ह रेडिओ ऐकायचा नाद होता. साधा नाद नाही, खूळच. गाणी ऐकायला रेडिओ लावणारे वेगळे आणि आम्ही वेगळे. आम्ही लांबची, अंधुक स्टेशनं धरतो. स्टेशन लागलं की आधी वहीत नोंद. वेळ लिहायची ती जागतिक, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. मग फ्रिक्वेन्सी, आवाज किती स्पष्ट त्याला पाचपैकी गुण, आणि शेवटी कार्यक्रमात काय ऐकलं त्याचा तपशील. हा रिपोर्ट स्टेशनला पाठवायचा. तपशील जुळला तर ते छापील कार्ड पाठवून कळवतात – हो, तुम्ही आम्हालाच ऐकलं. अशी कार्डं माझ्याकडे बुटांचे तीन खोके भरून आहेत.

सिग्नल कधी विरेल याचा नेम नसतो. म्हणून हाताला एक वळण लागतं... कानाला हेडफोन, उजवा हात वहीवर, आणि घरात कुणी बोललं की डावा हात वर, पंजा उघडा. थांब. बायको, कुंदा, दारात उभी राहून म्हणायची, “हात काहून दाखवता जी? मी काय ट्रॅफिकमधली स्कूटर आहो का?” आणि खरंच थांबायची. एकतीस वर्षं थांबली.

चार वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, संध्याकाळी, ती स्वयंपाकघरात पडली. मेंदूत रक्तस्राव. मी टेबलाशी होतो, कानाला हेडफोन लावून. दूध उतू जाऊन जळाल्याचा वास आला तेव्हा शेजारच्या नलूताई धावत आल्या, त्यांनी मला खांद्याला धरून हलवलं. तोपर्यंत किती वेळ गेला होता देव जाणे. डॉक्टर भले माणूस, एवढंच म्हणाले की थोडं आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. ती परत बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

तेरवी झाल्यावर नलूताईंनी सांगितलं. आमच्या दोघांच्या स्वयंपाकघरांमध्ये आड फक्त कंपाउंडची भिंत आहे. “वहिनींनी तुमाले आवाज देला होता भाऊजी. एकच वाक्य बोलल्या. मले समजलं नाही. मले वाटलं तुमच्यासंगच बोलून राहिल्या.”

एकच वाक्य. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. डोकं दुखतंय म्हणाली असेल? गॅस बंद करा म्हणाली असेल? की नुसतं, इकडे या जरा? जे काही असेल ते ती मला म्हणाली होती, आणि ते जगात कुणालाच माहीत नाही. रेडिओ आणि हेडफोन मी भंगारवाल्याला फुकट दिले. नोंदवह्या टाकवल्या नाहीत, तर लाल फडक्यात बांधून माळ्यावर फेकल्या.

मग तुम्ही विचाराल, रेडिओ परत घेतलाच कशाला? तर मुलीमुळे. ती पुण्याला असते. रोज फोन करायची आणि पलीकडे मी नुसता हं हं करायचो. एक दिवस रडकुंडीला येऊन म्हणाली, “बाबा, काहीतरी करा हो. रेडिओ घ्या परत. आईला काय तुम्ही असे बसलेले आवडले असते?” तिनेच जाहिरात शोधून पाठवली. नागपूरजवळच्या कन्हानचं घर, एकाच हातात वापरलेला रिसीव्हर. फोटो पाहिला आणि मी खुर्चीत ताठ बसलो. टेबलावर ठेवायचा, जपानी, अकरा किलो वजनाचा. तरुणपणी असल्या सेटचे फोटो मी मासिकातून कापून ठेवायचो. खोटं कशाला बोलू, चार वर्षांत पहिल्यांदा मला कशाचा तरी मोह झाला, आणि त्याची लाजही वाटली.

कन्हानला एका बाईंनी दार उघडलं. त्यांचे यजमान खाणीत इंजिनिअर होते, दोन वर्षांपूर्वी वारले. सेटवर क्रोशाचा रुमाल घातलेला. मी म्हटलं, लावून पाहू का? तर पटकन म्हणाल्या, “इथं नका लावू. घरी जाऊन लावा. चालू नसला तं वापस आणून द्या, मी नाही म्हणणार नाही.” मग चहा ठेवता ठेवता बोलत्या झाल्या. “कानाले लावूनच बसत जी ते. मी काही बोलली का एक हात असा वर करत.” आणि त्यांनी पंजा दाखवला. चहाला न थांबता मी पैसे दिले आणि सेट घेऊन निघालो.

घरी आणून सेट त्याच टेबलावर ठेवला. हेडफोन घेतले नाहीत, कधी घेणारही नाही. गच्चीवर तार ताणली, अर्थिंग केलं. सेट अप्रतिम होता. शॉर्टवेव्हवर आता पूर्वीसारखी गजबज उरलेली नाही, अर्धी स्टेशनं बंद पडली, पण जे काही उरलंय ते असं येत होतं की बोलणाऱ्याचा श्वास ऐकू यावा. पंधरा दिवस बरे गेले. नवी वहीसुद्धा केली. मुलीला फोनवर स्टेशनांची नावं सांगायला लागलो.

तो दिवस कुंदाची तिथी नव्हती, वाढदिवस नव्हता, अमावास्या तर मुळीच नाही. साधा मंगळवार. बाहेर उजेड होता, गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती. मी डायल फिरवत चाललो होतो, विशेष काही शोधत नव्हतो. एके ठिकाणी रेडिओची सरसर एकदम कमी झाली. स्टेशन सुरू होण्याआधी होते तशी शांतता. मागे कुठेतरी भांड्याचा आवाज. आणि मग –

“अहो...”

एकतीस वर्षांचं ‘अहो’ ओळखायला माणसाला किती वेळ लागतो? मला लागला नाही. कुंदाच होती. अगदी सहज, घाबरलेली नाही, जरा थकलेली. त्या ‘अहो’च्या पुढे ती एक पूर्ण वाक्य बोलली. सहा-सात शब्दांचं असेल.

आणि मी काय केलं सांगू? माझा डावा हात वर गेला. पंजा उघडा... थांब. उजव्या हाताने पेन उचललं, घड्याळ पाहिलं, साडेपाच तास वजा केले, वेळ लिहिली, फ्रिक्वेन्सी लिहिली. माझे कान सिग्नल तपासत होते. शब्द कानावर पडत होते पण मी ते ऐकत नव्हतो. आमचं शिक्षणच तसं असतं, आधी नोंद, मग अर्थ. मान वर केली तेव्हा वाक्य संपलेलं होतं. सरसर परत आली आणि माझा हात अजून वरच होता.

वहीतली ओळ समोर आहे, जशीच्या तशी देतो: ‘१२५२. बाईचा आवाज. मराठी. एक वाक्य. स्पष्टता पाचपैकी चार.’

चार म्हणजे प्रत्येक शब्द कळण्याइतकं स्पष्ट. माझ्या बायकोला मी गुण दिले, आणि ती काय म्हणाली ते लिहिलं नाही.

भास म्हणायला माझी ना नाही. मी स्वतः तेच म्हटलं असतं. पण पाच मिनिटांत नलूताईंनी मागच्या भिंतीवरून हाक मारली. “भाऊजी, कोण आलं जी तुमच्याकडे? बाईचा आवाज आला.”

मी धावत मागे गेलो. ओट्यावरच्या खिडकीतून त्यांना विचारलं. “काय म्हणाली? नलूताई, काय म्हणाली ती?”

“मले नाही समजलं जी. मले वाटलं तुमच्यासंगच बोलून राहिली.”

चार वर्षांपूर्वीही त्या हेच बोलल्या होत्या. बोलता बोलता त्यांनाही ते आठवलं असावं, कारण पदर तोंडाला लावून त्या तिथेच खाली बसल्या.

त्यानंतर मी जे जे तपासायचं ते सगळं तपासलं. तार उतरवून परत बांधली. मेन स्विच पाडून सेट बॅटरीवर चालवला. आजूबाजूच्या सहा घरांत जाऊन त्या वेळी टीव्हीवर काय चालू होतं ते विचारून आलो. लोक म्हणाले असतील, म्हातारा सटकला. त्या फ्रिक्वेन्सीवर कुठल्याही देशाचं स्टेशन नोंदलेलं नाही. आकडा इथे देत नाही, उगाच कुणी जाऊन बसू नये.

मग शिडी लावून माळ्यावरचं लाल फडकं काढलं. चार वर्षांत त्याला हात लावला नव्हता. शेवटची वही, शेवटचं पान, कुंदा पडली त्या संध्याकाळची शेवटची ओळ. वेळ १२५२, म्हणजे आपली सहा बावीस. फ्रिक्वेन्सी तीच. पुढे माझ्याच अक्षरात: ‘बाईचा आवाज. भाषा ओळखली नाही. एक वाक्य. स्पष्टता पाचपैकी एक. रिपोर्ट पाठवण्यासारखं नाही.’

मी शिडीवरच बसून राहिलो. ह्याचा एक अर्थ तर सरळ आहे, त्याला कुठली अमानवीय शक्ती लागत नाही. त्या दिवशी कुंदाचा आवाज बारा पावलांवरून हेडफोनच्या आत पोचला होता. मला तो ऐकू आला होता. आणि मी त्याला अनोळखी स्टेशन समजून वहीत टाकलं आणि डायल पुढे फिरवली. चार वर्षं मी स्वतःला समजावत होतो की मला ऐकूच आलं नाही. आता तेवढाही आधार राहिला नाही. हा फॉल्ट मला सापडला. पण चार वर्षांनी तोच आवाज कन्हानच्या सेटमधून कसा आला, त्याच मिनिटाला, डायलवर त्याच जागी... हे मला कुठल्याही मीटरने सांगता येत नाही.

शेवटी कन्हानच्या बाईंना फोन केला. आडून आडून विचारलं, सेटमधून कधी काही वेगळं...

“मी तुमाले सांगितलं नाही भाऊ,” त्या म्हणाल्या. “ते गेल्यावर सहा महिने मी तो रेडिओ रोज लावून बसली. त्याच्यातच जीव होता त्यायचा. मले वाटलं, बोलतीन तं त्याच्यातूनच बोलतीन. कोणी नाही बोललं. आता तुमी तिथंच लावला असता अन् तुमच्यासाठी कोणी बोललं असतं, तं माह्याच्यानं पाहवलं नसतं. म्हणून म्हटलं, घरी जाऊन लावा.” आणि लगेच, “तुमची बोलली का?”

मी सगळं सांगितलं. हात वर गेल्याचंही. त्या रागावल्या नाहीत. लहान मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, “मंग ऐकलं काहून नाही जी?”

फोन कुणी ठेवला ते आठवत नाही.

जुन्या सवयीने मी एक रिपोर्टही लिहून काढला. वेळ, फ्रिक्वेन्सी, गुण, सगळं शिस्तीत. तपशिलाच्या रकान्याशी पेन अडलं. तिथे काय ऐकलं ते लिहावं लागतं, त्याशिवाय स्टेशन कार्ड देत नाही. ‘बाईचा आवाज, मराठी, एक वाक्य’ एवढ्यावर कुणीही देणार नाही. तो कागद तिच्या साड्यांच्या घडीत ठेवला आहे.

आता रोज सहा वाजता बसतो. वही कपाटात, पेन दुसऱ्या खोलीत. फोन रेकॉर्डिंगला लावलेला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरतो, कारण त्यांचा भरवसा नाही. सात महिने झाले, नुसती सरसर. पावणेसातच्या सुमाराला नलूताई भिंतीपलीकडून हळूच विचारतात, “बोलल्या का जी?”

मी नाही म्हणतो, आणि सेट बंद करतो.