प्लास्टरखालचा पिंपळ

मध्य प्रदेशातल्या बालाघाट शहरात अर्ध्या घरांचं प्लास्टर भैयालाल मिस्त्रीने केलं होतं. उरलेली अर्धी, त्याच्या मते, पडायला आली होती. त्याने बुजवलेली भेग पुन्हा उघडत नाही, असा त्याचा लौकिक होता. चैतरामच्या घराची मागची भिंत तेवढी त्याला जुमानत नव्हती. तिथली भेग त्याने दोनदा बुजवली होती आणि दोन्ही वेळा पावसाळ्याबरोबर ती परत आली होती.

शेवटी चैतरामच्या मुलाने, अंकितने, नागपूरहून फोन केला. "पप्पा, इस बार कंपनी के आदमी को बुलाओ." भेगा बुजवणाऱ्या कंपनीचा माणूस सोमवारी येणार होता. भैयालालच्या हातात रविवार होता.

सकाळीच तो शिडीवर चढला. भेगेतून पिंपळाची दोन कोवळी पानं डोकावत होती.

"मिस्त्री, मांगच्या वेळी याची मुळी काढली होती ना?" चैतरामच्या बायकोने, जिजाबाईने, खालून विचारलं.

"पिंपळ कसा उपटू, वहिनी? देव राह्यते त्याच्यात."

"मंग काय केलं?"

"झाकला."

"दोन्ही खेपा?"

"हौ."

भैयालालच्या लेखी पिंपळ उपटणं पाप होतं. सिमेंटखाली गाडणं ही कारागिरी.

"चैतराम भाऊ, तुमीच काढा न. तुमी त देव मानत नाही."

"देव नसन मानत, बोधिवृक्ष त मानतो! मी नाही हात लावत."

दोन धर्मांचं इतकं एकमत त्या मोहल्ल्यात आजवर झालं नव्हतं. भिंत तेवढी फाटत होती.

"उपटू नका," जिजाबाई चहा ठेवत म्हणाली. "भिंत फोडा. झाड जसंच्या तसं काढा, विहारात लावू."

बुजवायला आलेली भेग आपल्याच हाताने वाढवायची, तीही शेजाऱ्यांदेखत, हे भैयालालला मानवेना. पण सोमवार जवळ होता. त्याने छिन्नी उचलली.

"काहून गा, खिडकी बसवून राह्यला का?" पलीकडच्या गच्चीवरून कोणीतरी विचारलं. भैयालाल छिन्नी ठोकत राहिला. विटांच्या सांध्यात हातभर शिरलेली मुळी त्याने न तोडता सोडवली आणि ओल्या पोत्यात गुंडाळली. मग खाच साफ करून पाणी मारलं, जाळी ठोकली, सिमेंट-वाळूचा मसाला भरला. संध्याकाळी चैतरामने भिंतीवरून हात फिरवला आणि अंकितला फोन लावला, "त्या कंपनीवाल्याले सांग, येऊ नको म्हणा."

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विहारात चैतराम कंपाउंडच्या भिंतीलगत खड्डा करू लागला, तसा भैयालाल पुढे झाला.

"तिथं नको, भाऊ."

"काहून?"

"हे प्लास्टरबी माह्यंच हाये."

खड्डा अंगणाच्या मधोमध गेला.

पावसाळा उलटल्यावर भैयालाल चैतरामच्या भिंतीवर थापी ठोकून आला. आवाज भरीव होता. परतताना विहारापाशी थांबून त्याने पिंपळाला हात जोडले, आणि तो कंपाउंडपासून किती दूर आहे तेही पुन्हा एकदा नजरेने मोजलं.