दारातला शिळा पेपर

पेपरवाल्या मावशींचा स्वभाव मुळातच भित्रा होता, हे प्रथम सांगितले पाहिजे. कारण पुढे जे घडले ते त्या भीतीतूनच घडले. लग्न होऊन आल्या तेव्हा दिवेलागणीनंतर त्या मोरीतसुद्धा एकट्या जात नसत. अशा बाईच्या वाट्याला पहाटेच्या काळोखात दारोदार वर्तमानपत्रे टाकण्याचे काम यावे, याला दैवाची थट्टा नाहीतर काय म्हणावे?

लाइन मुळात त्यांच्या यजमानांची. ठरलेल्या गल्ल्या आणि ठरलेली दारे यांच्या रोजच्या फेरीला या धंद्यात लाइन म्हणतात. यजमानांनी ती तरुणपणापासून सायकलवर चालवली. एका पहाटे गटाराच्या तुटक्या झाकणात चाक अडकले, गुडघ्याची वाटी फुटली आणि सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. तेव्हापासून यजमान घरी बसून पेपरांत पुरवण्या घालून देत आणि मावशी खांद्याला पिशवी अडकवून पायी निघत. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण मावशींच्या पाठी कुत्रीच पुष्कळ होती.

त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीस होता. लाइन विकून टाका आणि दोघेही आमच्याकडे या, असा त्याचा फोनवरून आग्रह चाले. घेणारा माणूसही त्याने पाहून ठेवला होता आणि महिनाअखेरीपर्यंत होय की नाही ते कळवायचे होते. त्यामुळे मावशींच्या मनात सतत तराजू झुलत असे. एका पारड्यात कुत्री, काळोखे जिने, हाडांत शिरणारी थंडी आणि झोपेचे कायमचे खोबरे. दुसऱ्या पारड्यात आपल्या घराची किल्ली आपल्या कमरेला, एवढेच. सूनबाई वाईट नव्हती. परंतु दुसऱ्याच्या घरात पंखा लावायचा तरी आधी तोंडाकडे बघावे लागते. सोसेना आणि सोडवेना, अशी त्यांची अवस्था झाली होती.

त्या दुसऱ्या पारड्यात आणखी एक गोष्ट होती, पण ती मावशी कोणाला सांगत नसत. लाइनीच्या शेवटी एक जुनी इमारत होती. तिच्या वरच्या मजल्यावर टेलरकाका एकटेच राहत. दुकान केव्हाच बंद झाले होते, परंतु शिलाईचे मशीन त्यांनी घरी आणून ठेवले होते. दाराखाली बोटभर फट होती. मावशी त्या फटीतून पेपर अर्धा आत सरकवत, आणि आत स्टुलावर वाट पाहत बसलेले काका दुसरे टोक धरून ओढत. मावशी मुद्दाम सोडत नसत. मग आतून आवाज येई, "सोड गं पोरी, बातमी फाटेल." सबंध फेरीत मावशी हसत त्या एवढ्याच.

मात्र तो जिना त्यांना जिवावर येई. वरच्या वळणावरचा दिवा गेलेला होता आणि तेथे एक काळे कुत्रे अंगाचे वेटोळे करून निजत असे. ते कधी चावले नव्हते. पण घशातल्या घशात गुरगुरे आणि मावशींची पाचावर धारण बसे.

एका पहाटे त्यांनी पेपर सरकवला आणि वाट पाहिली, पण कोणी ओढला नाही. काकांचा डोळा लागला असेल, असे मनाशी म्हणून त्या तो तसाच ठेवून उतरल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वर गेल्या तेव्हा कालचा पेपर फटीत तसाच अर्धा अडकलेला होता. दार वाजवावे म्हणून त्यांनी हात उचलला. इतक्यात आतून काहीतरी फरशीवर घासल्याचा आवाज आला आणि पाठीमागे कुत्रे गुरगुरले. उचललेला हात दारापर्यंत गेलाच नाही.

अशा वेळी काय करायचे याचा एक नियम यजमानांनी त्यांना पहिल्याच दिवशी शिकवला होता. शिळा पेपर दारात दिसता कामा नये. घर बंद आहे, या आणि न्या, असे चोराला सांगितल्यासारखे ते होते. गिऱ्हाईक गावाला गेलेले दिसले की पेपर उचलायचा, पिशवीत घालायचा आणि ते परत आल्यावर सगळे एकदम द्यायचे. चांगला पेपरवाला असाच वागतो. मावशींना त्या घटकेला तो नियम फार सोयीचा वाटला. काका गावाला गेले असतील, आत उंदीर असेल. त्यांनी कालचा पेपर ओढून घेतला, आजचाही पिशवीत ठेवला आणि भिंतीला धरून त्या भराभरा खाली आल्या.

घरी यजमान पिशवी रिकामी करत होते. टेलरकाकांचे दोन पेपर हाती लागताच ते थांबले. त्यांनी विचारले, हे परत कसे आले? मावशींनी सांगितले की काका गावाला गेले आहेत.

"तुला सांगून गेले?"

"नाही. पण कालचा तसाच होता, म्हणून..."

"अगं, त्यांना जायला गाव तरी कुठलं आहे?"

फरशीवरचा तो घासल्याचा आवाज मावशींच्या कानात पुन्हा उमटला, आणि या वेळी तो उंदराचा नव्हता. मन चिंती ते वैरी न चिंती. चपला कोणत्या घातल्या याचेही भान न राहता त्या धावत सुटल्या. वाटभर त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होते: फटीतून बाहेर निघणारा पेपर आणि तो ओढणारा स्वतःचा हात.

काकांच्या समोरच्या खोलीतली परिचारिका नुकतीच कामाला निघाली होती. मावशींचा चेहरा पाहून तिने कुलूप लावता लावता हात थांबवला. काकांना पाहिले का, असे मावशींनी विचारले.

ती म्हणाली, "बरे असतील की. काल संध्याकाळी पेपर दारात दिसला तेव्हा मला काळजी वाटली होती. ठरवलं, सकाळीही दिसला तर दार वाजवायचं. आज बघितलं तर आत घेतलेला."

"आत नाही घेतला बाई," मावशी म्हणाल्या. "मी नेला."

परिचारिकेने दारावर मुठी आपटल्या, खालच्या सुताराला हाक मारली, आणि सुताराने पटाशी घालून कडी उखडली. तेवढा वेळ मावशी जिन्याच्या वळणावर उभ्या होत्या. ते काळे कुत्रे त्यांच्या पायाला लागून बसले होते आणि हे त्यांच्या ध्यानातही आले नव्हते.

काका मशीन आणि दार यांच्यामध्ये पडलेले होते. आदल्या पहाटे पेपर घ्यायला उठताना पाय घसरून मांडीचे हाड मोडले होते आणि शुद्ध हरपली होती. ते जिवंत होते. ओठ सुकून काळवंडले होते. दाराच्या दिशेने ते फरशीवरून घासत घासत आले होते आणि हातभर अंतरावर त्यांची शक्ती संपली होती. परिचारिकेने ओल्या फडक्याने त्यांचे ओठ टिपले आणि गाडी बोलावली. मावशी खाली बसल्या तेव्हा काकांनी त्यांना ओळखले.

त्यांचा आवाज कुजबुजण्याइतकाच होता. "तुझी पावलं ऐकली गं. हाक काही निघेना. पेपर हलला, वाटलं आता दार वाजवशील. मग तो बाहेर गेला."

त्यांनी दोष दिला नाही. दिला असता तर मावशींना ते सोसले असते.

काकांना इस्पितळात ठेवले. हाड जुळेल, असे डॉक्टर म्हणाले. पण या वयात नक्की काही सांगता येत नाही, असेही म्हणाले. त्या आठवड्यात मुलाचा फोन आला. झालेला प्रकार ऐकून तो म्हणाला की आता तरी ही कटकट सोड, एखाद्या दिवशी तूच कुठल्या जिन्यात पडशील आणि आम्हाला कळणारही नाही. बोलणे खरे होते. पहिल्या पारड्यात ते खरेपण पडले आणि तराजू पार कलला. विचार करून सांगते, एवढेच मावशी म्हणाल्या. रात्रभर त्या छताकडे पाहत पडल्या होत्या. त्यांना भीती वाटत होती, पण काळोखाची नव्हे. लाइनीवरच्या प्रत्येक बंद दाराची वाटत होती.

पहाटे दुसऱ्या गल्लीत, तळमजल्याच्या एका दाराच्या कडीत कालचा पेपर तसाच होता. मावशींचा हात सवयीने तिकडे गेला. बोटे पेपराला लागली आणि थांबली. पेपर ओढून पुढे जावे, असे सगळे शरीर सांगत होते. त्यांनी दार वाजवले. आत काहीच हालचाल नव्हती. त्यांनी पुन्हा वाजवले आणि दाराला कान लावून उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळाने पावले वाजली. दार उघडून एक विस्कटलेला गृहस्थ बाहेर आला आणि पहाटे दार बडवायला घर काय पेटले आहे, अशी त्याने त्यांची यथासांग हजेरी घेतली. कालचा पेपर दारातच होता, असे मावशींनी सांगितले. होता तर होता, वाचायला वेळ कोणाला आहे, असे तो म्हणाला.

पिशवीचा बंद मावशींनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"नका वाचू," त्या म्हणाल्या. "पण रोज आत घेत जा. नाहीतर मी रोज वाजवीन."

दार आपटले गेले. आतल्या शिव्या थोडा वेळ ऐकून मावशी पुढच्या दाराकडे वळल्या.