चिखली ते अमडापूर, भाड्याच्या सायकलवर

पुण्यात माझी नात मोबाईलवरून भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर घेते. हद्द ओलांडली की ती स्कूटर आपोआप बंद पडते म्हणे. परवा ती त्यावरून चिडचिड करत होती आणि मला माझी हद्द आठवली. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती, मी सतरा वर्षांचा होतो आणि चिखलीत राहत होतो. अमडापूरला सायकलने जाणार असाल तर रस्त्याची माहिती खाली आहेच. पण माझ्यासारखे जाऊ नका.

गणपतभाऊंच्या दुकानात आठ सायकली होत्या. तासाला दोन आणे, दिवसभराचा एक रुपया. प्रत्येकीच्या मागच्या मडगार्डवर नगरपालिकेचा नंबर रंगवलेला असे. दुकानाच्या दारावर नियमांचा कागद चिकटवलेला होता: दिवा हवा, डबलसीट नको आणि जकात नाक्याबाहेर न्यायची नाही. नियम मोडला तर दुकानाचा परवाना पंधरा दिवस बंद. तो कागद माझ्या वडिलांच्या, नानांच्या, वळणदार अक्षरात होता. नाना नगरपालिकेत कारकून होते.

"कुठं जाऊन राह्यला बे?" गणपतभाऊंनी विचारलं.

"इथंच. गावातल्या गावात," मी बिनदिक्कत थाप मारली.

माझा मित्र बबन घरच्या सायकलवर होता. त्याच्या घरचे भाजीपाला करत. त्यांच्या वांग्यांच्या वावरातून, पाटाच्या कडेकडेने आम्ही नाका चुकवला आणि पुढे रस्त्याला लागलो. भलतंच शहाणपण वाटत होतं तेव्हा.

अमडापूर बारा-तेरा मैल. पहिले चार मैल बरे, मग नुसती खडी. चढ फार नाहीत, पण समोरून वारा असला की सपाटीवरही मांड्या भरून येतात. दोन्हीकडे कपाशी होती. एका विहिरीवर आम्ही ठेचा-भाकर खाल्ली. ठेचा बबनच्या आईचा, त्यामुळे पाणी दोनदा शेंदावं लागलं. अमडापुरात सायकली हॉटेलवाल्याकडे ठेवून टेकडीवरच्या देवीला गेलो. वरून सगळा मुलूख दिसतो आणि आपण इथवर पायडल मारत आलो याचा विश्वास बसत नाही. खाली उतरून गरम भजी आणि चहा घेतला. मी इतका खूश होतो की हॉटेलवाल्याला उगाच सांगितलं, आम्ही चिखलीहून आलो म्हणून.

परतताना चिखलीजवळ माझं पुढचं चाक पंक्चर झालं. अंधारून आलं होतं, पाटाच्या कडेने सायकल ढकलणं शक्य नव्हतं. सरळ नाक्यावरून आलो. नाक्यावरचा शिपाई नवा होता, बीबी गावाकडचा. त्याने कंदील धरून मडगार्डवरचा नंबर वाचला आणि वहीत उतरवला.

"माझं नाव?" मी घाबरत विचारलं.

"तुमचं नाव मले काय करायचं? नियमात दुकानच लागते."

मला हायसं वाटलं. ते आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते.

गणपतभाऊंनी पंक्चर पाहिलं, नाक्याचं ऐकलं आणि फक्त "जा घरी" म्हणाले. दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना नाना आईला सांगत होते, "गणपतला विचारलं, सायकल कोणी नेली? म्हणतो, ध्यानात नाही. उद्या त्याचं दुकान बंद करायचा कागद मलाच लिहायचा आहे."

नानांच्या टेबलावर माझं नाव येऊ नये म्हणून तो माणूस गप्प बसला होता.

"नाना, सायकल मी नेली होती."

नानांनी ताट बाजूला सारलं. ओरडतील असं वाटलं. पण त्यांनी कागद आणि दौत माझ्यापुढे ठेवली. "सगळं लिही. थापसुद्धा."

सकाळी ते मला कचेरीत घेऊन गेले. साहेबांनी माझं निवेदन वाचलं, नियम वाचला आणि म्हणाले, "यात चालवणाऱ्याला शिक्षाच नाही." दुकान पंधरा दिवस बंद झालं. शिक्षा मागूनही न मिळणं फार जड जातं.

मी रोज संध्याकाळी दुकानावर जाऊन साखळ्या पुसायचो, तेल द्यायचो. चौथ्या दिवशी धीर करून विचारलं, "भाऊ, तुमी माहं नाव काऊन नाही सांगतलं?"

"तुहा बाप सरळ माणूस हाये," ते म्हणाले. "त्याले पोराचं नाव लिवावं लागलं असतं."

दरम्यान नानांनी नियमात एक कलम सुचवलं. सायकल नेणाऱ्याचं नाव-गाव दुकानदाराने लिहून घ्यावं आणि चूक ज्याची, जबाबदारी त्याची, दुकानाची नाही. कमिटीने ते मान्य केलं. कागद पुन्हा नानांनीच लिहिला, पण चिकटवायला मला पाठवलं.

दुकान उघडलं त्या सकाळी मी लांबच उभा होतो. गणपतभाऊंनी हाक मारली, नवी वही उघडली, पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं आणि सायकल माझ्याकडे सरकवली.

"मले नाही पाह्यजे, भाऊ."

"घे बे," ते म्हणाले. "आता खुशाल खोटं बोल. माह्या दुकानाले भेव नाही."

मी सायकल घेतली. नाक्याच्या अलीकडूनच परत फिरलो.