बिनलग्नाच्यांनी हात वर करा!

चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, आमच्या मास्तर मंडळाचे किस्से सांगायला बसलं, की चहा थंडा होतो, पण किस्से संपत नाहीत. एक सांगावा, तर दुसरा आपण होऊनच तोंडात येतो! एकोणीसशे पन्नास-साठच्या काळातले बहुतेक किस्से आमच्या सेक्रेटरींचे, निळकंठभाऊंचे. सभासदाची खाजगी माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही, हे त्यांचं एकच वेड.

*

त्या वेडालाही कारण होतं. आधीचे सेक्रेटरी दिलदार. सगळ्यांची माहिती चहाच्या टपरीवर मोठ्यानं सांगायचे. एका मास्तरांनी सासरी वय चांगलंच कमी करून सांगितलं होतं. सेक्रेटरींनी खरं वय नेमकं सासऱ्यासमोरच सांगून टाकलं!

सासरे म्हणाले, "म्हंजे जावई माह्याच बराबरीचे निघाले की!"

पुढच्या सभेत सेक्रेटरी बदलले.

*

निळकंठभाऊंनी आल्याबरोबर नियम केला. चारचौघांत सभासदाचं नाव घ्यायचं नाही, शाळेच्या गावावरून बोलवायचं. झालं! आम्ही सारे सिरोंचावाले, ब्रह्मपुरीवाले होऊन बसलो. बदली झाली, की नावही बदललं.

एकदा सभेत भाऊ म्हणाले, "एटापल्लीवाले, उठा!" तर तिघं उठले. एक आताचे, एक आधीचे आणि एक बदलीची ऑर्डर हातात पडलेले!

*

एकदा नवा पोस्टमन मंडळात आला. "निळकंठभाऊ कुठी राह्यतात जी?"

समोर खुद्द निळकंठभाऊच! म्हणाले, "सभासदाचा पत्ता आमी सांगत नाई."

पोस्टमन पत्र घेऊन गेला. मग भाऊच दुपारभर त्याला शोधत चांदाभर फिरले.

*

इथवर हसलो. पण मग माझ्यावरच बेतलं ना!

मला ब्रह्मपुरीची कुसुम सांगून आली होती. तिला एका लग्नात पाहिलेलं. खरं सांगतो, करीन तर हिच्याशीच, असं मनात पक्कं बसलं होतं. मी नुकताच बदलून भामरागडला गेलेलो आणि पावसानं रस्ते बंद. तिकडे कुसुमचे वडील, दादाजी, चौकशीला मंडळात पोचले.

"भामरागडवाले मास्तर कसे हायेत जी?"

भाऊंनी आधी साफ नकार दिला. दादाजी म्हणाले, "पोरीच्या जन्माचा सवाल हाये, भाऊ!" भाऊंना दया आली. पहिल्यांदाच त्यांनी नियम मोडला.

"माणूस लाखात एक. बायको बी गुणाची. चार पोट्टे हायेत."

अरे देवा! भाऊंच्या डोक्यात अजून जुनेच भामरागडवाले होते!

*

रस्ते खुलले, ही बातमी माझ्यापर्यंत पोचली, तसा मी चांद्याला धावलो. मंडळाची सभा भरली होती आणि दादाजीही जाब विचारायला आलेले.

"चार पोट्ट्यांचा बाप माह्या पोरीवर नजर ठेवून राह्यला!"

मी रडकुंडीला आलो. "भाऊ, सांगा ना यांना, मी बिनलग्नाचा आहे!"

"नाई. एकदा नियम मोडला तं काय झालं, पाह्यलं ना? मी आता काई सांगत नाई."

असा संताप आला! पण शेवटी भाऊंनीच तोड काढली. "सभासदानं आपली माहिती आपणच देली तं चालते. बिनलग्नाच्यांनी हात वर करा!"

मी दोन्ही हात वर केले. जुने भामरागडवाले शेजारीच होते. ते उठून म्हणाले, "पोट्टे माहे हायेत जी, या मास्तरचे नाई!"

सभेत हसू फुटलं. दादाजींनी मला कवेतच घेतलं. "सोयरीक पक्की!" मला तर नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात दादाजींची नजर समोर गेली. सेक्रेटरींच्या खुर्चीतूनही एक हात वर होता. निळकंठभाऊंचा! आम्हाला इतक्या वर्षांत पत्ता नव्हता.

दादाजी हळूच म्हणाले, "घरी माही लहान बहीण हाये. मनासारखं ठिकाण आलं नाई, म्हणून राह्यली. तुमची माहिती कोनाले विचारू जी?"

भाऊ उठले. कोट नीट केला.

"चाळीस पूर्ण, निर्व्यसनी, सोताचं घर, दात सारे शाबूत. पत्ता लिहून घ्या!"