तिसरी गाठ

आबांनी कुंभारीतली मेंढरं विकली आणि ते सोलापुरात माझ्याकडे राहायला आले, तेव्हा सोबत एक पत्र्याची पेटी आणि मेंढरांमागची कुत्री घेऊन आले. ती तेव्हाच नऊ वर्षांची होती. तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले होते. आबा तिला नुसतं 'म्हातारे' म्हणून हाक मारायचे.

वर्षभरात तिचं पोट फुगलं, खाणं सुटलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गर्भाशयात पू झालाय, आजच काढावं लागेल, म्हणाल्या. ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी तिनं गळ्यातली प्लास्टिकची कॉलर भिंतीला घासून घासून फोडली आणि दूध-भाकरीचं पातेलं चाटून साफ केलं.

मग स्तनाला गाठ आली. पुन्हा भूल, पुन्हा टाके. ती जखम भरून केस उगवतायत तोच दुसऱ्या बाजूला लिंबाएवढी गाठ दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काढता येईल. पण या वयात भूल सोसेलच, असं मी छातीठोक सांगणार नाही."

घरी आल्यावर मी आबांना म्हणाले, "आता पुरे करू. किती चिरायचं तिला? झोपेचं इंजेक्शन देतात. त्रास होत नाही."

आबा चपला काढत होते. "सकाळी जेवली का ती?"

"जेवली."

"मग? जेवणाऱ्या जिवाला मारत्यात व्हय?"

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. शेजारच्या काकू फाटकाशी थांबून म्हणाल्या, "कुत्र्यासाठी एवढं कोण करतं? उगाच तिचे हाल करताय." आतून मलाही तसंच वाटत होतं, म्हणून ते जास्त झोंबलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. उघड्या फाटकातून दोन डुकरं आत शिरली. म्हातारी जास्वंदीखाली पडली होती. उठताना तिचे मागचे पाय दोनदा घसरले. राहील पडून, असं मला वाटलं. ती उठली. न भुंकता मोठ्या डुकराच्या आडवी जाऊन उभी राहिली. गाठ पोटाखाली लोंबत होती, पाय थरथरत होते, पण ती जागची हलली नाही. डुकरांनी जरा अंदाज घेतला आणि आल्या वाटेनं परत गेली. त्यानंतर ती भुंकली, एकदाच.

मी हातातली चादर बादलीत टाकली आणि दवाखान्यात फोन लावला. काकू गच्चीवरून बघत होत्या. त्यांना म्हटलं, "काकू, हाल होतायत की नाही ते तिला ठरवू द्या." मोठ्यांना असं उलटं बोलायची मला सवय नव्हती. पण बोलल्यावर बरं वाटलं.

ऑपरेशन चालू असताना आबा बाहेरच्या बाकावर बसून होते. चहाही नको म्हणाले.

"आबा, नाही वाचली तर?"

"न्हाय तर न्हाय. पर आपुन तिला सोडलं न्हाय की."

शुद्धीवर यायला तिला फार वेळ लागला. डोळे उघडले आणि पहिल्यांदा काय केलं, तर सलाईन लावलेल्या पायाची पट्टी दातांनी ओढायला लागली. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "आली ही."

त्याला आता दोन वर्षं होतील. गेल्या आठवड्यात तिच्या मांडीवर हरभऱ्याएवढी नवी गाठ हाताला लागली. 'वाढते का ते बघू, वाढली तर काढू,' एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. या वेळी मी दुसरं काही विचारलं नाही.

परत येताना तिनं रिक्षात पुढचे पाय टाकले, पण मागचे येईनात. पुन्हा टाकले, पुन्हा घसरली. रिक्षावाला खाली उतरून म्हणाला, "काका, उचलून घ्या की."

आबांनी हात आडवा केला. "थांबा जरा. चढतीय ती."

आम्ही तिघं उन्हात उभे राहिलो. तिसऱ्या खेपेला ती चढली.